घराला अलार्म स्वतः बसवायचा असेल तर

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका ताईंनी विचारलंय. घर तळमजला आणि वर एक खोली, गच्ची दोन्ही शेजाऱ्यांच्या गच्चीला लागून. पुढे लोखंडी चॅनल गेट, आत सागवानी दार. मागे स्वयंपाकघराचं दार अरुंद बोळात उघडतं. घरी दोघंच, मुलगा-सून पुण्याला. दिवाळीनंतर सुनेच्या बाळंतपणासाठी दीड महिना घराला कुलूप राहणार. जेल रोडच्या दुकानदाराने एक वायरलेस किट दाखवलं. कॅमेरेवाला म्हणाला, अलार्मच्या भानगडीत पडू नका, चार कॅमेरे लावून टाका. यजमान निवृत्त आहेत, वीजकामात हात बसलेला आहे. ते म्हणतात, मीच बसवतो. जमेल का, आणि घ्यावं काय?

ताई, जमेल. यजमानांना मल्टिमीटर वाचता येतो आणि त्यांच्याकडे वेळ आहे, म्हणजे काम निम्मं झालंच. बोलावलेल्या माणसाला संध्याकाळच्या आत दुसरं घर गाठायचं असतं, आणि अलार्मचं काम घाईत बिघडतं.

कॅमेरेवाल्याचं म्हणणं मला पटत नाही. कॅमेऱ्यात चोर दिसतो तो बहुतेक वेळा सकाळी, तोही तोंडाला रुमाल बांधलेला. तुम्ही पुण्यात, घर रिकामं. त्या क्षणी आवाज होणं आणि कुणाला तरी कळणं हे जास्त गरजेचं. पण अलार्म घेताना एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. अलार्म निकामी होतो तो चोराच्या हुशारीने क्वचितच. घरचे कंटाळतात म्हणून होतो. पाल फिरली, वाजला. वाऱ्याने दार हललं, वाजला. दोन-तीनदा असं झालं की शेजारी खिडकीतून डोकावणंही सोडतात, आणि मग एक दिवस घरचेच त्याचं बटण बंद करून झोपतात. म्हणून सेन्सर थोडे घ्या, पण असे लावा की वाजला म्हणजे काहीतरी झालंच आहे, असं गल्लीला वाटलं पाहिजे.

त्याच्याही आधी थोडे पैसे मागच्या दारावर घाला. आपल्याकडच्या जुन्या घरांत पुढच्या दाराला तीन-तीन कुलपं असतात आणि मागच्या दाराची कडी अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकत असते. खांद्याचा एक धक्का पुरतो. कोयंडा लांब स्क्रूने चौकटीत खोलवर बसवा, आतून आडवा अडसर घाला. गच्चीच्या दाराचंही तेच. दार दोन मिनिटं तरी तग धरणार असेल तर भोंग्याला अर्थ आहे, नाहीतर वाजेपर्यंत माणूस कपाटापाशी पोचलेला असतो.

आता वायरचा की वायरलेस. भाड्याचं घर असतं तर वायरलेस म्हणालो असतो. तुमचं स्वतःचं आहे, बसवणारा घरचा आहे, तर वायरचा घ्या. स्वस्त वायरलेस किट बहुधा ४३३ मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि त्यातला सेन्सर एकतर्फी बोलतो. दार उघडलं की एकदा ओरडतो आणि गप्प होतो. पॅनेलने, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याने, ऐकलं का, हे त्याला कळत नाही. उलट, सेन्सरचा सेल मेला तर पॅनेललाही पत्ता लागत नाही, तिथे सगळं हिरवंच दिसत राहतं. या किटांचा कोड ठरलेला असतो, तो रेकॉर्ड करून परत वाजवता येतो, हेही खरं. पण आपल्या बोळात शिरणारा चोर असली यंत्रं घेऊन येत नाही. मला जास्त धास्ती मेलेल्या सेलची वाटते. वायरलेसच हवा असेल तर दुतर्फी बोलणारा घ्या, जो ठरावीक वेळाने प्रत्येक सेन्सरची हजेरी घेतो. भारतात अशा उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना मोकळा आहे. अमेरिकेतला भाचा येताना किट आणतो म्हणाला तर प्रेमाने नको म्हणा; तिथल्या रेडिओच्या लहरी वेगळ्या, त्या इथे वापरण्याची मुभा नाही, आणि अ‍ॅडॉप्टरही कित्येकदा ११० व्होल्टचाच असतो. पॅनेलच्या खोक्यावर ईएन ५०१३१ (अलार्मचं युरोपीय मानक), ग्रेड २ असं लिहिलेलं असेल तर घरासाठी ते चांगलं.

तुमच्या घराला चार मॅग्नेटिक सेन्सर (दार उघडलं की कळणारे) आणि दोन पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे) पुरेत. मॅग्नेटिक चार कुठे, तर पुढचं सागवानी दार, मागचं दार, गच्चीचं दार आणि बोळाकडच्या खिडकीची झडप. बाकीच्या खिडक्यांना जाळ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्या सोडून द्या.

चॅनल गेटला सेन्सर लावायचा मोह होईल, लावू नका. ते गेट ट्रक गेला तरी खडखडतं. शिवाय साध्या चुंबकाची ओढ लोखंडात विरून जाते. पाव-अर्ध्या इंचाच्या अंतरावर बिनचूक चालणारा सेन्सर लोखंडावर कधी लागतो, कधी नाही. गच्चीच्या दाराला मात्र पत्रा असणार, तिथे शटरसाठी मिळतो तो धातूच्या खोळीतला जाड सेन्सर घ्या, आणि चुंबकाखाली लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी देऊन त्याला पत्र्यापासून उचलून बसवा. लाकडी दारांना साधा चालतो. रीड स्विचचा (चुंबक जवळ असेपर्यंत जोडलेला राहणारा) भाग चौकटीवर, चुंबक दारावर, आणि दोन्ही बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, वरच्या कोपऱ्यात. बिजागरीकडे लावला तर दार वीतभर उघडूनही त्याला काही कळत नाही. सागवान पावसाळ्यात थोडं फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. तुम्ही आता बसवाल तेव्हा एक अंतर असेल, श्रावणात दुसरं. डब्यावर जेवढं अंतर चालतं असं लिहिलंय, त्याच्या निम्म्यातच बसवा.

आता यजमानांसाठी खास. सहसा इथेच काम कच्चं राहतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक झोनबरोबर, म्हणजे पॅनेलला जोडलेल्या एकेका सेन्सरच्या वायरीबरोबर, पॅनेलच्या पाकिटात एक छोटा रेझिस्टर येतो, २.२ किंवा ४.७ किलोओहमचा, कंपनीप्रमाणे. कित्येक कारागीर तो पॅनेलच्या आतच टर्मिनलला पिळून मोकळे होतात, कारण शिडीवर चढून प्रत्येक सेन्सरचा डबा उघडावा लागत नाही. झोन हिरवा दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण तो रेझिस्टर वायरच्या दुसऱ्या टोकाला, सेन्सरच्या डब्यातच असायला हवा. कारण असं: पॅनेल त्या वायरीतून सतत थोडा प्रवाह सोडून रोध मोजत असतं. दार बंद असेल तेव्हा २.२ किलोओहम दिसतो. दार उघडलं किंवा वायर तुटली की सर्किट उघडं. आणि वायरीच्या दोन तारा मध्येच एकमेकींना चिकटल्या, खिळ्याने चेपल्या म्हणा, माळ्यावर उंदराने कुरतडल्या म्हणा, की रोध शून्य. रेझिस्टर टोकाला असेल तर पॅनेलला हे शून्य दिसतं आणि ते बोंब मारतं. रेझिस्टर पॅनेलमध्येच असेल तर तारा चिकटल्यावरही पॅनेलला २.२च दिसत राहतो. दार सताड उघडं असलं तरी पॅनेलच्या लेखी ते बंद. तो झोन मेलेला असतो, आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

म्हणून यजमानांनी सेन्सरचा डबा उघडून रेझिस्टरचा एक पाय रीड स्विचच्या टर्मिनलला, दुसरा पाय येणाऱ्या तारेला डाग देऊन जोडावा, वर हीटश्रिंकची नळी चढवावी. नुसतं पिळून टेप मारू नका. मे महिन्यात तिचा गोंद पाझरतो आणि टेप उलगडते. मग पॅनेलकडचं टोक सुटं असतानाच मल्टिमीटर लावावा. ताई दार उघडतील-लावतील, यजमान आकडा बघतील: दार बंद असताना २.२ किलोओहमच्या आसपास, उघडताच अनंत. कागदावर झोनचा नंबर, दाराचं नाव आणि आकडा लिहून तो कागद पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवा. दोन वर्षांनी बिघाड शोधताना तो कागद कामी येईल.

वायर चार तारांची, बारीक अलार्म केबल. महाराणी रोडवर गुंडाळी मिळते. केसिंग पट्टीतून न्या, पण घरच्या २३० व्होल्टच्या वायरींच्या पट्टीतून नको. शेजारून जावंच लागलं तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात. सेन्सर दुहेरी चिकटपट्टीवर बसवू नका. आपल्या डिस्टेंपरच्या भिंतीवर ती उन्हाळा काढत नाही, रंगासकट सुटून खाली येते. प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रूच मारा.

पीआयआर दोन. एक जिन्याच्या तोंडाशी, दुसरा दिवाणखान्यातून आतल्या खोलीकडे जायच्या वाटेवर. हा सेन्सर माणूस 'बघत' नाही. पुढच्या दुधी भिंगाने खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडलेले असतात, आणि शरीराची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की तो जागा होतो. म्हणून सरळ अंगावर चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा चटकन. कोपऱ्यात सात-आठ फुटांवर असा लावा की त्या वाटेने जाणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. तोंड खिडकीकडे, देवघरातल्या समईकडे किंवा फ्रिजच्या मागच्या बाजूकडे नको.

आपल्याकडची एक अडचण परदेशी पुस्तिकांत फारशी आढळत नाही. पीआयआर भिंत आणि अंग यांच्या तापमानातला फरक ओळखतो. मे महिन्यात बंद घराच्या वरच्या खोलीत पारा ३८-४०ला गेला की अंगाचं आणि भिंतीचं तापमान जवळजवळ सारखं होतं, आणि स्वस्त सेन्सर अर्धवट आंधळा होतो. खोक्यावर तापमान-भरपाई लिहिलेला घ्या आणि वरच्या खोलीवर एकट्या पीआयआरची मदार ठेवू नका. म्हणूनच गच्चीच्या दाराला चुंबक सांगितला. कुणी सांगेल, पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असलेला डबा घ्या. चांगला असतो, पण मायक्रोवेव्हला छताचा पंखा फिरताना दिसतो आणि पातळ भिंतीपलीकडची हालचालही. घर दीड महिना बंद असताना ठीक. तुम्ही घरी असताना दिवसभर पंखा चालणारच.

आणि पाली. डब्यातल्या उबेला पाल नेमकी भिंगावर येऊन बसते, तिच्यामागे कोळी जाळं करतो. भिंगाभोवतीची आणि वायर शिरायची फट सिलिकॉनने बुजवा, महिन्यातून एकदा कोरडं फडकं फिरवा. दिवाळीच्या रंगकामात भिंगावर ब्रश फिरलेले सेन्सरही खूप पाहिलेत. यंदा रंग काढणार असाल तर आधी रंग, मग अलार्म.

पॅनेल पुढच्या दारातून दिसेल असं लावू नका. कपाटात किंवा जिन्याखाली, पीआयआरच्या टप्प्यात. कीपॅड दाराजवळ. भोंगे दोन: एक आत, दुसरा बाहेर छज्जाखाली दहा-बारा फुटांवर, वायर भिंतीतून थेट मागे जाणारी, बाहेर लोंबणारी नको.

विजेचं काम सगळ्यात सोपं, आणि तिथेच आपली सवय आड येते. महिनाभर गावाला निघालो की आपण मेन स्विच बंद करतो. वडीलधाऱ्यांनी लावलेली शिस्त आहे, पण अलार्म असेल तर ती त्याच्या मुळावर येते. हिशेब बघा. पॅनेल साधारण १०० मिलिअँपियर घेतं, दोन पीआयआर मिळून ३०, कीपॅड आणि फोन लावणारा सिमचा भाग धरून आणखी ७०. म्हणजे २०० झाले. १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी कागदावर ३५ तास देते. प्रत्यक्षात एक दिवस धरा. तुम्ही पुण्याला पोचून चहा घ्याल तोवर बॅटरी संपत आलेली असेल. तेव्हा अलार्मला स्वतंत्र छोटा एमसीबी द्या, त्यावर लाल चिठ्ठी लावा, बाकीचे सगळे बंद करा पण तो आणि मेन चालू ठेवा. मालव्यातल्या विजांसाठी त्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर घाला. तो घरची अर्थिंग धड असेल तरच काम करतो, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. २३० व्होल्टचं हे एवढं काम मात्र यजमानांनी मेन बंद करून किंवा परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं. बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलायची, फुगलेली दिसली तर लगेच.

सिमबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. पॅनेलचा फोनचा भाग टूजीचा असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच. फोरजीचा पॅनेल मिळाला तर तोच घ्या. सिमचा पिन काढून टाका, आणि निघण्याआधी दीड महिना नव्हे, तीन महिने वैध राहील एवढा रिचार्ज मारा. वैधता संपली की पॅनेल मुकं होतं. वायफायवर विसंबू नका, राऊटर बंद केलेल्या एमसीबीवर असतो.

फोन कुणाला लागावा, यावर जरा थांबू. पहिला नंबर मुलाचा घालाल, साहजिक आहे. रात्री दोनला त्याचा फोन वाजला. तो ११२ लावेल. पण पुण्यातून लावलेला ११२ महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जातो, आपल्याकडे नाही. म्हणून त्याच्या फोनमध्ये राजेंद्रनगर ठाण्याचा थेट नंबर ०७३१ लावून आधीच साठवा, आणि पॅनेलचा नंबर असा नोंदवा की फोन सायलेंटवर असला तरी वाजेल. दुसरा आणि तिसरा नंबर शेजाऱ्यांचे, ज्यांच्या गच्च्या तुमच्याला लागून आहेत त्यांचे. ११२ मशीनला देऊ नका. आधी माणसाने गच्चीतून टॉर्च मारून बघावं, मग फोन करावा. शेजाऱ्यांना हेही सांगा की एकट्याने आत शिरायचं नाही, दिवे लावून बाहेरूनच ओरडायचं. निघण्याआधी ठाण्यात जाऊन घर बंद राहणार असल्याचं सांगून या.

पॅनेलच्या सेटिंगमध्ये पुढच्या दाराला आत-बाहेर जायला ३०-४० सेकंदांची सवलत द्या. मागच्या आणि गच्चीच्या दाराला शून्य, तिथून घरचं कुणी कुलूप उघडून येत नाही. भोंगा तीन-चार मिनिटांत आपोआप थांबावा. रात्रभर वाजणारा भोंगा शेजाऱ्यांना चोरापेक्षा नकोसा होतो. तुम्ही घरात असाल तेव्हासाठी 'स्टे' मोड, त्यात पीआयआर बंद आणि दारं चालू. हे रात्री रोज वापरा. फक्त गावाला जाताना लावायचं म्हटलं तर ऐन वेळी बटणं आठवत नाहीत. कोड १२३४ किंवा घर नंबर नको, आणि कामवाल्या बाईंसाठी वेगळा कोड ठेवा, म्हणजे काम सोडून गेल्या की तेवढाच काढता येतो.

इंदूरमध्ये गल्ली रिकामी होण्याच्या ठरलेल्या रात्री आणि दिवस आहेत. अनंत चतुर्दशीला अख्खी रात्र लोक झांक्या (चित्ररथ) बघायला बाहेर, रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा राजवाड्याकडे. त्या दिवशी भोंगा वाजला तरी ऐकायला शेजारी नाही, तेव्हा पॅनेलमध्ये एखादा नंबर अशा नातेवाइकाचा ठेवा जो घरी थांबतो.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी सगळं बसवून चालू करा. या दोन आठवड्यांत जे खोटं वाजेल ते वाजू द्या आणि कारण शोधून मिटवा. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी दोन्ही शेजाऱ्यांना आधी सांगून प्रत्येक दार एकेक करून उघडा, मुलाला फोन लागतोय का बघा, मग पॅनेलचा एमसीबी पाडून नुसत्या बॅटरीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी परत एक दार उघडून बघा. जेल रोडच्या किटबद्दल विचारलंत म्हणून: तोच डबा स्वस्तात मिळत असेल तर मुलाच्या पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटसाठी घ्या, तिथे तो चालेल. पैसे उरले तर एकच कॅमेरा, जिन्याकडे तोंड करून, आणि त्याचा कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.